डाव्या कानातलं गाणं

दीपमालानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, पण ती जागची हलली नाही.

"आगं, सरक की खिडकीकडं. का पिशवीची बी हजेरी लागती?"

कंपनीच्या कँटीनमधल्या कस्तुरामावशी तिच्या डोक्यावर उभ्या होत्या. भोसरीकडची बस बंद पडली होती आणि तिकडची सगळी माणसं आज काळेवाडीच्या बसमध्ये कोंबली होती. सेकंड शिफ्ट गाठायची, त्यात चाकणचा रस्ता हा असा. दीपमाला नाइलाजानं खिडकीत सरकली. मावशी हुश्श करत तिच्या उजवीकडे टेकल्या.

ती खिडकी गणराजची, तिच्या धाकट्या भावाची. दोघं एकाच बसनं एकाच कंपनीत जायची, गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर. तो खिडकीत, ही त्याच्या उजवीकडे आणि दोघांत मिळून एक इयरफोन. डावं टोक त्याच्या कानात, उजवं हिच्या. पावसाळ्याच्या शेवटी साधा ताप म्हणून अंथरुणाला लागला तो उठलाच नाही. तेव्हापासून खिडकीत पिशवी बसायची आणि लोकही शहाणे, कुणी काही बोलत नसे. उजवं टोक दीपमालाच्या कानात असायचं. डावं, गणराजनं चिकटपट्टी गुंडाळलेलं, पिशवीवर पडून राहायचं. त्याची वस्तू म्हणून तिनं ते एकदाही कानाला लावलं नव्हतं.

गाणी ठरलेली, 'पाठोपाठ' या जोडीची. रावेतची सख्खी भावंडं, तनुजा आणि रणजीत, घरातच गाणी करायची आणि मोबाइलवर टाकायची. ऐकणारे मोजकेच. लग्नातल्या डीजेवर वाजावीत अशी ती गाणी नव्हतीच, आणि दीपमालाला ते बरंच वाटे. तनुजाचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता, जरा घोगराच. पण ती कुणाला दाखवायला गात नसे; घरात भांडी लावता लावता माणूस गातं, तसं गायची. एका गाण्यात मागे कुकरची शिट्टी झाली होती, ती त्यांनी तशीच ठेवली होती. गणराज त्या शिट्टीवर फिदा होता. ती जवळ आली की आधीपासूनच भुवई उडवून बसायचा.

सगळ्यात लाडकं होतं ते त्यांचं शेवटचं गाणं. त्यात तनुजा एकटीच गाते आणि रणजीत नुसती गिटार वाजवतो, असं दीपमालाला पक्कं माहीत होतं. गणराज मात्र त्या गाण्यावर भलतंच काहीतरी गुणगुणायचा, खाली खाली उतरत जाणारं. तिला राग यायचा.

"गण्या, गाण्यात आहे तेवढंच म्हण."

तो हसून खिडकीकडे तोंड फिरवायचा आणि पुन्हा तेच सुरू.

आता तिला तेच गुणगुणणं हवं होतं आणि ते सापडत नव्हतं. त्याचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. फोन पुढे केला की तो तोंडावर हात धरायचा. सुरुवातीला ती चाल तिला आठवायची. मग अर्धीच. दिवाळीनंतर तीही जिभेवर येऊन माघारी फिरू लागली. आईला विचारलं, तर आई रडायलाच लागली. भाऊ दुसऱ्यांदा हातातून चाललाय, या भीतीनं दीपमालाचा जीव अर्धा झाला होता. आणि हे सांगणार कुणाला?

मोशीला बस अडकली ती अडकलीच.

"काय ऐकतीस गं येवढं? दे की मला बी एक."

मावशींचा हात डाव्या टोकाकडे गेला. दीपमालानं ते झटकन मुठीत धरलं. ते काही ती देणार नव्हती. तिनं आपल्या कानातलं उजवं काढून मावशींच्या हातावर ठेवलं. मग मुठीतलं नुसतं धरून बसणं विचित्र दिसेल, म्हणून तिनं ते कानात घातलं. चिकटपट्टी खरखरीत लागली.

तेच गाणं सुरू होतं. पण तनुजा त्यात जवळजवळ नव्हतीच. शेजारच्या खोलीत असावी तशी, लांब. आणि अगदी कानाशी रणजीत गात होता. शब्द नाहीत, नुसती चाल, खाली खाली उतरत जाणारी. गणराजची चाल.

दीपमालानं ते टोक बोटानं कानात आणखी दाबलं. तनुजा आणि रणजीतनं ते गाणं दोन बाजूंना बसून गायलं होतं. बहीण उजवीकडे, भाऊ डावीकडे; एका टोकात एकाचाच आवाज. दीपमालाच्या घरी ते कधी मोठ्यानं लावलंच नव्हतं, कारण तिचे वडील, आप्पा, नाईट करून दिवसा झोपलेले असायचे. म्हणजे गण्या मनाचं काही म्हणत नव्हता. त्याला ऐकू येत होतं तेवढंच म्हणत होता. आणि कधी एका शब्दानं बोलला नाही की ताई, जरा माझ्या बाजूनं ऐक. लबाड कुठला, असं तिच्या मनात आलं.

चाल पुन्हा वरून सुरू झाली. या वेळी तिनं ती पकडली. आधी नुसती ओठांत, मग जरा आवाजात. शेजारी मावशींची मान तालावर डुलत होती, ती थांबली.

"ह्ये काय म्हनतीस गं? ती बाई न्यारंच गातीया. गाण्यात हाय तेवढंच म्हन की."

दीपमालानं त्यांच्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलंही होतं. मग ती हसली, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा तेच गुणगुणू लागली.