जास्तीचा झगा

हौदकाकांनी दांडीवर सगळा भार टाकून ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. तरी त्यांनी पाना लावून खालचा नट आणखी अर्धा फेरा आवळला. प्रार्थनामंदिराच्या व्यासपीठाच्या फळ्या बाजूला काढलेल्या होत्या आणि खालच्या कोरड्या हौदात काका गुडघ्यांवर बसले होते. वर काठाशी पाय सोडून त्यांची नात बसली होती.

"विचारा ना आजोबा. पुढचा शब्द."

"पश्चात्ताप."

"नुसतं वाईट वाटणं नाही. मागे फिरणं."

"तारण?"

"देव वाचवतो ते. आपण आपल्याला वाचवत नाही."

काकांनी मान डोलावली. हौद धुऊन झाला होता, तळाचं बूच बसवलं होतं, आता पाणी सोडायचं तेवढं बाकी होतं. उद्या रविवारी या पाण्यात नातीचा बाप्तिस्मा होता. एका बाजूने पाळक आणि दुसऱ्या बाजूने काका तिला धरून, मागे झुकवून क्षणभर पाण्याखाली नेणार होते. इतकी वर्षं मंडळीतल्या प्रत्येकाला त्यांनी असंच धरलं होतं. माणूस मागे झुकायच्या वेळी घाबरतो, गुडघे ताठ करतो आणि हात आधार शोधायला लागतो. म्हणून तर त्यांनी पायऱ्यांपाशी ही दांडी बसवली होती. पण उतरताना आधार व्हावा म्हणून बसवलेल्या दांडीला लोक पाण्यात गेल्यावरही घट्ट धरून राहत. मग काका त्यांच्या कानाशी हळूच म्हणत, "दांडी सोडा. मान सैल ठेवा. मी धरलंय." त्यांच्या एवढ्या बोलण्यावर मोठमोठे पैलवान मऊ पडलेले मंडळीने पाहिले होते. हौदकाका हे नावही त्यातूनच पडलं. प्लंबर म्हणून त्यांना आता फक्त गिऱ्हाइकं ओळखत.

"नीतिमान ठरवणं आणि पवित्रीकरण," काका म्हणाले. "यातला फरक सांग. इथे सगळे गडबडतात."

"सोपं आहे. नीतिमान ठरवणं एकदाच होतं. ख्रिस्तामुळे देव म्हणतो, हा माझ्या लेखी निर्दोष. आणि पवित्रीकरण म्हणजे त्यानंतर माणूस हळूहळू सुधारत जातो ते. ते जन्मभर चालतं."

"आधी सुधारायचं, मग निर्दोष, असं नाही?"

"उलटं कसं असेल आजोबा? मग कृपा कशाला लागली असती?" नात हसली. "तुम्ही मुद्दाम फसवताय मला."

काकांनी पान्याने नट पुन्हा चाचपला. तो आता इतका घट्ट झाला होता की पुढच्या वेळी काढताना त्यांनाच घाम फुटणार होता.

"शेवटचा प्रश्न माझा," नात म्हणाली. "वर्गात सांगितलंय, घरातल्या एका माणसाला त्याच्या बाप्तिस्म्याबद्दल विचारून या. तुमचा कधी झाला?"

"आजीला विचार."

"आजीचं पाठ आहे मला. तुम्ही धरलं होतं आणि तिच्या नाकात पाणी गेलं. आणि त्याबद्दल तिने तुम्हाला अजून माफ केलं नाही. तुमचा सांगा."

थाप मारायची सोय होती. आधीच्या पाळकांनी दिला म्हटलं असतं तर कोण विचारायला जाणार होतं? आधीचे पाळक बदलून गेले त्यालाही आता एक जमाना झाला होता. पण वर बसलेली पोर उद्या त्यांच्या हातावर भरवसा टाकून डोळे मिटणार होती.

"माझा झालाच नाही," काका म्हणाले.

नात हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

"खरंच?"

"मी हौदाची गळती काढायला आलो होतो. त्या दिवशी एक जाडजूड गृहस्थ पाय घसरून पडता पडता राहिले. पाळक म्हणाले, जरा इकडून हात लावा. तो लावलेला हात अजून काढला नाही. नवे पाळक आले तेव्हा मी पाण्यातच उभा होतो. त्यांना वाटलं, झाला असणार."

"मग उद्या मला कोण धरणार?"

तिने रागाने विचारलं नव्हतं, साधंच विचारलं होतं, म्हणून ते काकांना जास्त लागलं. त्यांनी कॉक उघडला आणि पाणी खळखळत हौदात पडू लागलं.

पाळक मंदिरामागच्या खोलीत खुर्चीच्या पाठीला उशी लावून बसले होते. त्यांची कंबर सदा धरलेली असायची. काकांनी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. पाळक इतके हसले की त्यांना कंबर धरावी लागली.

"म्हणजे अख्खी मंडळी पाण्यातून काढली आणि स्वतः कोरडे?"

"कमरेपर्यंत भिजायचो," काका म्हणाले. "त्यांचं काही बिघडलं तर नाही ना? मी हात लावला म्हणून?"

"अहो, तुमच्या हाताने ते धुतले गेले असते तर ख्रिस्ताला कशाला त्रास दिला असता? त्यांचं सोडा. तुम्ही का नाही घेतला?"

"कोणी विचारलं नाही."

पाळक आता हसत नव्हते.

"आणि वाटलं, जरा नीट झाल्यावर घ्यावा," काका चपला चाळवत म्हणाले. "लोक किती रडतात, साक्षी देतात. दारू सुटली म्हणतात, भांडण मिटलं म्हणतात. माझ्याकडे सांगण्यासारखा एक दिवस नाही. आणि पाना हातातून निसटला की तोंडातून शिवी जाते ती अजून जातेच."

"माझ्या तर पाना नसतानाही जाते," पाळक म्हणाले. "विश्वास आहे का तुमचा?"

काकांनी या प्रश्नाला वेळ लावला नाही. "आहे. कधीपासून ते विचारू नका. पण आहे."

"मग उद्या नातीला धरा. मात्र मला आता कळलंय. ती वर आली की मी तुम्हालाही मंडळीसमोर विचारणार. उत्तर काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा."

घरी काकू बाप्तिस्म्याचे पांढरे झगे इस्त्री करत होत्या. उद्या तिघींचा बाप्तिस्मा होता, तिन्ही मुली, तिन्ही शेलाट्या. खुंट्यांवर तीन झगे लागले होते आणि काकूंच्या इस्त्रीखाली चौथा होता.

"हा कुणाचा?"

"असू दे. जास्तीचा."

जास्तीचा एक झगा दर वेळी असायचा, हे काकांना आठवलं. कुणाचा फाटला, कुणी ऐन वेळी तयार झालं तर असावा, असं ते धरून चालले होते. झगा जरा लांबच होता. काकूंनी त्याची घडी घालायला घेतली तशी काकांनी तो हातात घेतला आणि कपाटाच्या आरशासमोर स्वतःला लावून बघितला. खांदे खांद्यांवर बसले. खालची किनार बरोबर घोट्याशी आली.

काकांनी आरशातूनच काकूंकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला की नाही, हे बायकोला माहीत नसेल?"

"मग कधी बोलली नाहीस ती?"

काकूंनी इस्त्री उभी केली. "मी मागे लागले असते तर तुम्ही उतरला असतात. पण माझ्यासाठी. मला ते नको होतं."

इतक्या वर्षांत कितीदा हा झगा धुऊन, इस्त्री होऊन मंदिरात गेला असेल आणि तसाच घडी न मोडता परत आला असेल. आणि त्यावरून या बाईने घरात कधी भांडंसुद्धा आपटलं नव्हतं.

"नाकात पाणी गेल्याचं मात्र दर सणाला ऐकवतेस."

"ते ऐकवणारच," काकू म्हणाल्या. "बघा तरी स्वतःच्या नाकात गेल्यावर कसं वाटतं."

रविवारी काका पांढरा झगा घालून हौदात उतरले. त्यांचा नेहमीचा काळा सदरा वाळला नसेल, असं पहिल्या बाकावरच्या बायकांनी ठरवून टाकलं. आधी बाकीच्या दोन मुलींचा बाप्तिस्मा झाला. मग नात आली. पायऱ्या उतरताना तिने दांडी धरली आणि शेवटच्या पायरीवर आपणहून सोडली. पाळकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली आणि काकांच्या हातावर ती अशी अलगद मागे झुकली की त्यांना काही सांगावंच लागलं नाही. वर आली तेव्हा केस चेहऱ्याला चिकटलेले आणि तोंडभर हसू. काकांचे डोळे भरून आले, पण हौदात कुणाचं पाणी कुठलं ते कुणाला कळणार?

"आणखी एक जण आहे," पाळक म्हणाले आणि काकांकडे वळले. "तुम्ही प्रभू येशूला आपला तारणारा मानता का?"

काकांनी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला होता की उत्तर त्यांच्या तोंडात आधीपासूनच होतं. पण साक्षही द्यायची होती. त्यांनी बाकांकडे पाहिलं. त्यांनी धरलेली सगळी माणसं तिथे बसली होती.

"मी उलटं करत होतो," काका म्हणाले. "आधी सगळी गळती बंद करू, मग पाणी सोडू, असं म्हणत बसलो. पाणी सोडल्याशिवाय गळती कुठे आहे ते कळत नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "राग अजून येतो. पण मी मानतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हटलं आणि मग सगळीकडून आलं. काकू भिंतीशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी टॉवेल तोंडाशी धरला होता.

"हे वजन मला एकट्याला झेपणार नाही," पाळक कमरेवर हात ठेवून म्हणाले. "पलीकडून कोणी तरी या."

दोघेतिघे उठलेसुद्धा. पण नात अजून हौदातच होती. ती पाणी सारत काकांच्या डाव्या अंगाला आली, जिथे इतकी वर्षं ते स्वतः उभे राहत आले होते, आणि तिने त्यांच्या पाठीला तळहात लावला. हात लहान होता. काकांचे गुडघे ताठ झाले. सगळ्यांचे होतात तसेच झाले.

"मान सैल ठेवा आजोबा," ती कानाशी म्हणाली. "मी धरलंय."

त्यांचा उजवा हात पाण्यातून वर आला आणि दांडीवर गेला. काल आवळलेली, तसूभर न हलणारी दांडी. काकांनी एकदा नातीकडे पाहिलं आणि बोटं उघडली.