तिसऱ्या नंबरचं घर

नळाला गटाराचं पाणी येतंय हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वस्तीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांची तब्येत बिघडली. म्हणजे, ते मुलीकडे निघून गेले. जाताना किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या. मी धंद्याने शिंपी, मंडळाचा चिटणीस, आणि 'नाही' म्हणायची वेळ आली की 'बघू' म्हणणारा माणूस.

रोज सकाळी एकच टँकर यायचा. मी सभासदांची वही उघडून क्रमाने नावं पुकारायचो. कालव्याअलीकडची दोनशे घरं संपेपर्यंत टँकर कोरडा पडायचा. पलीकडच्यांचं एकही नाव वहीत नव्हतं. ती माणसं वेगळ्या वंशाची, रंगाने आमच्याहून काळी. तीस वर्षांच्या शेजारानंतरही आमच्या तोंडी ती 'पलीकडचीच'. त्यांना कुणी मज्जाव केला नव्हता बरं का! नव्या अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागायच्या, एवढंच. त्या दोन्ही सह्या त्यांना कधी मिळाल्या नाहीत, आणि आम्ही नियमावर बोट ठेवून मोकळे.

चौथ्या दिवशी सिस्टर आल्या. पलीकडच्याच, दवाखान्यात नर्स आहेत.

"काका, आमच्याकडे सहा मुलं जुलाबांनी आडवी झालीत. नळाचंच पाणी पितायत."

"वहीतली नावं संपली की लगेच तुमचं बघू."

"नावं संपतात तेव्हा पाणीही संपतं, काका."

आवाज जराही चढला नाही. त्यांनी पिशवीतून एक शाळेची वही काढून माझ्यासमोर ठेवली. ड्यूटी सांभाळून त्या तीन दिवस दोन्हीकडच्या घरांतून फिरल्या होत्या. वहीत यादी होती: तान्ही मुलं, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसं असतील ती घरं आधी, धडधाकटांची नंतर. पहिली दोन घरं पलीकडची होती. तिसरं माझं. 'शिंपीकाकांच्या आई, अंथरुणावर. दोन कॅन.'

मला मान वर करवेना. खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मंडळाची वही आत टाकायला मी टेबलाचा खण उघडला. तळाशी सिस्टरांचाच अर्ज होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्यावर माझ्या बायकोची सही होती, तीही जुनी सभासद. दुसरी सही मी करावी म्हणून तिने तो माझ्याकडे दिला होता. अध्यक्ष काय म्हणतील या धास्तीने मी 'बघू' म्हटलं होतं आणि कागद खणात सारला होता.

मी घाईघाईने पेन काढलं.

"आधी पाणी," सिस्टर म्हणाल्या. "आणि मी एकटीच आत येणार असेन तर ती सही नकोच. दोन सह्यांची अट काढा."

टँकर आला तशी रांग त्यांनीच लावली. धडधाकट सभासद कुरकुरले. एकाने तर थेट अध्यक्षांना फोन लावून माझ्या कानाला चिकटवला.

"वही बाजूला ठेवलीस म्हणे? कुणाला विचारून?"

"सिस्टरना. आता रांग त्या बघतायत."

"अरे, त्या सभासदसुद्धा नाहीत!"

"नाहीत, कारण त्यांचा अर्ज माझ्या खणात कुजत होता. रविवारच्या सभेत अट काढायचा ठराव मांडतोय मी."

"बघू," अध्यक्ष म्हणाले.

"बघू नाही. मांडणार म्हणजे मांडणार," मी म्हणालो आणि फोन ज्याचा त्याला परत दिला. बरं वाटलं.

टँकरची तोटी सुरू झाली. पहिलं घर झालं, दुसरं झालं.

"शिंपीकाका!" सिस्टरनी हाक मारली.

"माझं राहू दे. सगळ्यांत शेवटी घेतो."

त्यांनी वहीतून डोकं वर काढलं.

"लाज तुम्हाला वाटतेय, तहान आईंना लागलीय. कॅन आणा."

मी निमूटपणे दोन्ही कॅन तोटीखाली धरले.