श्वासावर जळणारा दिवा

हॉल खचाखच भरला होता, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. टेबलावर मुठीएवढी पेटी आणि तिच्यावर इवलासा दिवा. ना वायर, ना प्लग. समोरच्या खुर्चीत माझी दमेकरी आई, घामाने डबडबलेली.

"माई, हा दिवा आता तुझ्या श्वासावर जळतोय," प्राणगुरू मधाळ आवाजात म्हणाले. "औषधाचं विष पोटात गेलं की हा गुदमरतो. बघ!" दिवा तेवढा वर ठेवून त्यांनी पेटीला ओली शाल गुंडाळली आणि काहीबाही पुटपुटले. दिवा मंदावला. आईला तिथेच धाप लागली. शाल काढली, दिवा उजळला. लोकांनी हात जोडले आणि माझ्या सख्ख्या भावाने, दादाने, आईचा दम्याचा पंप काढून गुरूंच्या पायाशी ठेवला.

पंपाशिवाय आईची रात्र निघत नाही.

मी बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. हवेवर चालणाऱ्या बॅटऱ्या. आत जस्त असतं, बाहेर भोकं. भोकांतून हवा गेली की वीज. काम संपलं की आम्ही भोकांवर चिकटपट्टी लावतो, नाहीतर जस्त फुकट गंजतं. त्या पेटीच्या भोकांभोवती तस्साच डिंकाचा डाग दिसला आणि गुरूंची अख्खी साधना मला कळली: ओल्या शालीने हवा अडते, म्हणून दिवा मंदावतो. पण कळून काय उपयोग? दिवा विझवून दाखवला तर आई भीतीनेच जायची. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू!

मी पंप उचलला आणि आधी आईला ओढायला लावला.

"पेटीला हात लावू नकोस!" गुरू ओरडले. "म्हातारी जागच्या जागी जाईल!"

"अगं, ऐक ना त्यांचं," दादा रडकुंडीला आला.

मी आईचाच तळहात भोकांवर दाबून धरला. तिने डोळे गच्च मिटले. दिवा मंदावला, लुकलुकला, गेला. मागे कुणीतरी किंचाळलं.

"आई, दिवा विझलाय. बोल काहीतरी."

तिने एक डोळा किलकिला करून विझलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"मेले, हात दुखतोय. सोड," आई म्हणाली.

सोडला. दिवा पुन्हा लागला. मग मी बोलतच सुटले. भोकांच्या आत काळा थर असतो, हवेतल्या ऑक्सिजनला कामाला लावणारा उत्प्रेरक. महागड्या धातूऐवजी तो मँगनीज आणि कोळशातून स्वस्तात बनावा, बॅटरी पुन्हापुन्हा चार्ज व्हावी, म्हणून आम्ही जिवाचं रान करतोय. गुरूंची पेटी तर चार्जही होत नाही. जस्त संपलं की गुपचूप नवी!

प्राणगुरू शाल सावरत मागच्या दाराकडे सरकले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"गुरूंनी घरी दिलेला आमच्या ह्यांचा दिवा सकाळी विझला," ती म्हणाली. "आता काय उपयोग म्हणून आम्ही औषध बंद केलं. ते घरी एकटे आहेत हो!"

दादा गाडीकडे धावला, ती बाई आणि मी त्याच्या मागे. तिच्या घराचं दार उघडलं तर तिचा नवरा धापा टाकत बसलेला. गोळ्या हाताशी होत्या, आणि तो विझलेल्या दिव्याकडे बघत मरणाची वाट पाहत होता.

तसाच दवाखान्यात नेला, थोडक्यात वाचला. सगळेच वाचत नाहीत. म्हणून सांगते, घाबरा खुशाल, मीही घाबरले होते. पण पेटीत काय आहे ते आधी विचारा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.