‘आजचं गेट’वरची खोटी भरती

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. जुनी म्हणजे तुमच्यापैकी कित्येकांपेक्षा मी वयाने लहानच असेन; पण आमच्या जातीत म्हातारपण फार लवकर येतं. माझं नाव ‘आजचं गेट’. चाकण, निघोजे, मोशी या बाजूला तुमचं कुणी कंपनीत कामाला असेल, तर त्यांना विचारा. ‘हो, ती भरतीवाली साइट ना?’ असं म्हणतील. पूर्वी हे नाव घेताना त्यांचा चेहरा खुलायचा. आता ते काय म्हणतील, हे मला ऐकायचं नाही.

मला हातपाय नाहीत. पण ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात मी. त्यामुळे कंपनीची बस, चहाची टपरी, गेटवरची रांग, सगळं मी पाहिलेलं आहे. लोक माझ्यासमोर काहीही बोलतात. वेबसाइटला कान असतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मला सुजितने घडवलं. तो मूळचा उदगीरकडचा. निघोज्यात चार जणांत मिळून एक खोली आणि एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम, असा त्याचा संसार. आमच्या भागात कॉन्ट्रॅक्टच्या कामगाराला दर काही महिन्यांनी ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे काय, तर ‘घरी बसा, गरज पडली की बोलावू.’ मग तो माणूस सकाळी डबा घेऊन या गेटवरून त्या गेटवर हिंडतो. कुठे भरती चालू आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सुजितनेही ही पायपीट केली होती. एका ब्रेकमध्ये घरी बसल्या बसल्या तो वेबसाइट बनवायला शिकला आणि मी जन्माला आले.

त्या वेळी मी अगदी साधी होते. पांढरं पान, काळी अक्षरं. आज कोणत्या गेटवर माणसं घेताहेत, शिक्षण किती लागतं, कागद कोणते न्यायचे, एवढंच. पण प्रत्येक बातमीखाली सुजित एक ओळ लिहायचा: ‘गेटवर स्वतः विचारून आलो.’ आणि तो खरंच जायचा हो! शिफ्ट सुटली की सायकल काढायची, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याशी दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचा, खात्री करायची आणि मगच बातमी लिहायची. एकदा भर उन्हात तीन गेटं फिरून आला आणि ‘आज कुठेच भरती नाही, उगाच येऊ नका’ एवढंच लिहिलं. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मोशीच्या दीपमालाला तर माझ्यामुळेच काम मिळालं. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत ती पॅकिंगला लागली, अर्थात कॉन्ट्रॅक्टवर. तिचे वडील ज्योतीराम भोसरीला आयुष्यभर प्रेस मशीनवर उभे राहिले आणि गुडघे घालवून बसले होते. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. ज्यावर ठेकेदाराचं नाही, कंपनीचं नाव आहे असं परमनंटचं कार्ड एकदा गळ्यात यावं, एवढी एकच तिची इच्छा होती. ती रोज सकाळी बसमध्ये बसली की आधी मला उघडायची.

मग माझ्या अंगावर जाहिराती आल्या. हे प्रकरण तुम्हाला समजावून सांगते. इंटरनेटवर जाहिराती वाटणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात. वेबसाइटच्या मालकाने त्यांच्याकडे अर्ज करायचा. ‘तुझ्याकडे लोक येतात का, लिहिलेलं तुझं स्वतःचं आहे का’ हे त्या तपासतात. पसंत पडलं की त्या आपल्या जाहिराती पाठवतात, आणि कुणी त्या जाहिरातीवर बोट ठेवलं की मालकाला थोडे पैसे मिळतात. सुजितचा अर्ज आधी नापास झाला, मग पास झाला. त्याने खोलीवर पेढे आणले. माझ्या एका कोपऱ्यात केस गळतीच्या तेलाची बाटली येऊन बसली, खाली बूट आले. मला अवघडल्यासारखं झालं. पण इंटरनेटवर माझं नाव ठेवायचं दर वर्षाचं भाडं त्यातून सुटत होतं, म्हणून मी तक्रार केली नाही. बातमी वर, जाहिरात खाली, अशी आमची रीत होती.

माझ्याकडे येणारे वाढले तशी सुजितची कमाईही वाढली. त्याने कंपनीतलं काम सोडलं. चऱ्होलीला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, कर्ज काढून. ‘आता पूर्ण वेळ साइटच बघणार,’ असं तो म्हणाला तेव्हा मला कोण आनंद झाला!

आणि इथेच माशी शिंकली. एका सकाळी बसमध्ये दीपमाला उठून उभी राहिली आणि सगळ्या बायकांना म्हणाली, “ए ऐका गं, सुजितदादाची माहिती आपण फुकट घेतो की नाही? त्या खालच्या जाहिराती दाबल्या की त्याला पैसे मिळतात म्हणे. सगळ्यांनी दाबा. आपला काय खर्च होतोय?”

“कितींदा दाबायची?” मागून कुणीतरी विचारलं.

“दाबा की दोन-चारदा. पुण्यच लागेल!”

जयंतीची वर्गणी द्यावी इतक्या मनापासून त्या बायकांनी जाहिराती दाबल्या. केस दाट असलेल्यांनी तेलाची दाबली, ज्यांना बूट नको होते त्यांनी बुटांची दाबली. दुसऱ्या शिफ्टच्या बसमध्येही हेच सुरू झालं. ज्याने आपल्याला कामाला लावलं त्याला हात द्यायचा, यापलीकडे कुणाच्या मनात काही नव्हतं. पण जाहिरातवाल्या कंपनीला मन कुठे दिसतं? एकाच भागातून, एकाच वेळी, रोज धडाधड बोटं पडताहेत, एवढंच त्यांना दिसलं. सुजितच पैशांसाठी ही लबाडी करवतोय, असं ठरवून त्यांनी त्याचं खातं कायमचं बंद केलं. त्याने विनंतीचे अर्ज केले. कोणी ऐकून घेतलं नाही.

खातं का बंद झालं, ते त्याला दोन दिवसांत कळलं. बसमधल्या एकीनेच कौतुकाने फोन करून सांगितलं, “दादा, आम्ही रोज दाबतो बरं का!” तो “बरं, बरं” म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसला. तेव्हा मला त्याची फार दया आली. त्याने त्या बायकांना शिव्या घातल्या असत्या, रडला असता, सगळं खरं सांगितलं असतं, तर मी आज तुमच्यापुढे ही कहाणी सांगत बसले नसते. पण तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यात त्याच्या मनात काहीतरी आंबलं.

त्याने दुसरी एक जाहिरात कंपनी गाठली. ही कंपनी काही तपासत नव्हती. किती लोक आले यावर पैसे, मग ते कशालाही येवोत. आता सुजितला बातमीपेक्षा गर्दी हवी झाली. आणि आमच्याकडे गर्दी कोणत्या शब्दाला होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परमनंट.

निघोज्याच्या एका कंपनीत मागे खरंच परमनंट भरती झाली होती. ती बातमी माझ्या पोटात पडून होती. सुजितने ती बाहेर काढली, तारीख बदलली, वर लाल अक्षरांत ‘महिलांसाठी परमनंट भरती, लगेच पोहोचा’ असं लिहिलं. खालची ‘गेटवर स्वतः विचारून आलो’ ही ओळ मात्र तशीच ठेवली. सायकल तर त्याने केव्हाच विकली होती.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी माझ्या अंगावर पाहिलं. लोक माझ्याकडे त्या एका ओळीसाठी यायचे, आणि त्याच ओळीने त्याने माझ्या तोंडून खोटं वदवलं. बाहेरच्या चोराने मला लुटलं असतं तर एवढं दुःख झालं नसतं. ज्याने मला अक्षर अक्षर जोडून उभं केलं, त्याने माझा केसाने गळा कापला. वर माझ्या अंगावर इतक्या जाहिराती डकवल्या की बातमी वाचायला आधी कर्जवाला हटवायचा, मग पत्त्यांचा डाव हटवायचा, मग आपोआप गाणारी बाई बंद करायची.

दीपमालाने ती बातमी वाचली. तिच्या कंपनीत तेव्हा माल पाठवायची घाई होती. ‘या महिन्यात जो दांडी मारेल त्याचा गेटपास बंद,’ असं ठेकेदाराने बजावलं होतं. ती घरी वडिलांसमोर फोन धरून बसली.

“बाबा, काय करू? गेले आणि नाही झालं तर हातातलं पण जाईल.”

ज्योतीरामने चष्मा लावून मला जवळून पाहिलं. “सुजितनं लिहिलंय ना, विचारून आलो म्हणून?”

“लिहिलंय.”

“मग जा, पोरी. ते पोरगं खोटं लिहायचं नाही.”

मी त्यांच्या हातात होते. त्या म्हाताऱ्या बोटाखाली ती ओळ होती. मला त्या क्षणी बंद पडायचं होतं, पण तेही माझ्या हातात नव्हतं.

सकाळी निघोज्याच्या त्या गेटसमोर बायकांची ही गर्दी! कुणी पोराला शेजारणीकडे ठेवून आली होती, कुणी नवी साडी नेसून आली होती. सगळ्यांच्या फायलीत कागद व्यवस्थित लावलेले. गेटवर रंगराव नावाचे जुने सिक्युरिटीवाले होते, तिथल्याच गावचे. ते बाहेर आले आणि बघतच राहिले.

“अवं, कशापायी जमलाय एवढ्या?”

“भरती आहे ना, मामा? परमनंट,” दीपमाला पुढे होऊन म्हणाली.

“कशाची भरती? आतलीच मानसं कमी करत्यात, नवी कुठनं घेनार?”

“असं कसं? साइटवर लिहिलंय. सुजितदादा स्वतः तुम्हाला विचारून गेलाय.”

“कोन, त्यो सायकलवाला सुजित व्हय?” रंगरावांनी मान हलवली. “लई दिस झालं, त्यो हिकडं फिरकलाच न्हाई. आदी यायचा, माज्यासंगं च्या घ्यायचा. मीच म्हनत हुतो, पोरगं कुठं गेलं.”

दीपमालाने मला पुन्हा उघडलं. कर्जवाला हटवला, गाणारी बाई बंद केली आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग रंगरावांना दाखवली. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी वाचली आणि त्या बायकांसाठी पाण्याचा जार बाहेर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दीपमाला आपल्या कंपनीत गेली तर गेटपास चालेना. ठेकेदाराच्या माणसाने “सांगितलं होतं ना?” एवढंच विचारलं. ती तशीच बस धरून चऱ्होलीला सुजितच्या फ्लॅटवर गेली. त्याने दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून काय ते ओळखलं.

“ताई, बसा. माहिती कधीकधी मागंपुढं होते. मी काय मुद्दाम करायलोय का?”

“दादा, तुम्ही गेटवर गेला होतात का? एवढंच सांगा.”

तो जमिनीकडे बघू लागला. मग एकदम उसळला. “आणि माझं खातं कुणामुळं बंद पडलं? तुम्हीच बसमध्ये बसून धडाधड जाहिराती दाबल्या! त्यांना वाटलं मीच चोर. घराचा हप्ता डोक्यावर हाय माझ्या!”

दीपमालाला हे आजच कळत होतं. ती सोफ्याच्या कडेला टेकली.

“आम्ही तुमच्यासाठी केलं ते, दादा.”

“माहीत हाय. म्हणून तर कुणाला बोललो नाही.”

“बोलायला हवं होतं. आम्ही पाया पडलो असतो, वर्गणी काढली असती. चूक आमची होती, तर आम्हाला सांगायची होती. तुम्ही सांगितलं नाही आणि आमच्याच पोटावर पाय दिला. निदान ती बातमी आत्ता काढा. माझ्यासमोर काढा.”

सुजितने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, आता सुटले. त्याचं बोट बातमी पुसण्याच्या बटणाकडे गेलं सुद्धा. पण शेजारी आजच्या गर्दीचा आकडा दिसत होता, आणि तो माझ्या जन्मापासूनचा सर्वांत मोठा होता. गेटवरून परतलेल्या बायका, त्यांचे नवरे, भाऊ, सगळे माझ्यावर येऊन त्याला शिव्या लिहीत होते. ‘हरामखोर’ लिहायचं तरी मला उघडावं लागतं, आणि मला उघडलं की जाहिराती दिसतात. त्यांच्या रागाचेही त्याला पैसे मिळत होते.

त्याने बोट मागे घेतलं. “उद्या काढतो, ताई,” म्हणाला.

दीपमालाने तो आकडा पाहिला होता. जिन्यात येऊन तिने फोन काढला, मला पटकन उघडता यावं म्हणून फोनवर ठेवलेल्या माझ्या छोट्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि मला तिथून काढून टाकलं. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. तिला पुन्हा काम लागलं की नाही, ज्योतीराम काय म्हणाले, मला ठाऊक नाही. ती बातमी मात्र अजून आहे. दर आठवड्याला तिची तारीख बदलते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कुणाच्या तरी वेबसाइट होतील, त्यातून चार पैसे मिळवाल. जरूर मिळवा, त्यात पाप नाही. पण तुम्ही जे लिहाल ते वाचून कुणीतरी हातातलं काम सोडून घराबाहेर पडणार आहे, हे विसरू नका. आणि प्रेमाने वागताना कुणी तुमचं नुकसान केलं, तर त्याला तोंडावर सांगा.

आत्मवृत्त सांगणारे शेवटी ‘मला जपा, मला सांभाळा’ म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. माझी दया येऊन मला बघायला येऊ नका. हे खरं की खोटं, हे तपासायलाही येऊ नका. सुजितला चार शब्द सुनवायला तर मुळीच येऊ नका. तुम्ही कशासाठी आलात, हे तिथे कोणी विचारत नाही. तुम्ही आलात, एवढंच मोजतात. घरात कुणी कामाच्या शोधात असेल, तर त्यांनाही सांगा, की ‘आजचं गेट’ उघडू नका. माझ्याकडे यायचं सगळ्यांनी सोडलं, तरच माझं खोटं बोलणं थांबेल.