मिठागरावरचा अर्धा फोटो

माधवराव टिपणीसांना फोटोग्राफीत आयुष्यात एकच बक्षीस मिळालं होतं, आणि तेही दुसरं. साल १९८४. ठिकाण अलिबाग. तेव्हा ते पेणच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, भाड्याच्या खोलीत राहायचे आणि दर रविवारी मामांनी दिलेला यशिका कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलने खाडीच्या अंगाला निघायचे. वढाव गावाच्या पुढे तेव्हा मिठागरं होती. तिथेच त्यांनी तो फोटो काढला. उन्हात उभी असलेली एक बाई, डोक्यावर मिठाची टोपली, कपाळाला आठ्या, बारीक झालेले डोळे. त्यांनी त्याला नाव दिलं होतं ‘व्यथा’.

निवृत्तीनंतर ते रोह्याला आले. कॅमेरा कपाटात गेला आणि तो फोटो बैठकीच्या खोलीत भिंतीवर चढला. आल्यागेल्याला ते मोठ्या हौसेने दाखवायचे, आणि हटकून पेणच्या त्या दिवसांवर यायचे. चौघांचा कंपू होता त्यांचा. शनिवारी संध्याकाळी त्यातल्या हरेशच्या स्टुडिओमागच्या खोलीत जमायचं, आठवडाभराचे फोटो टेबलावर मांडायचे आणि एकमेकांची पिसं काढायची. “अरे, क्षितिज घसरलंय तुझं, समुद्र सांडेल खाली!” “ही फांदी काय त्याच्या डोक्यातून उगवलीय?” कुणी रागवायचं नाही असा नियम होता, आणि दर शनिवारी कुणी ना कुणी रागवायचंच. मग कोपऱ्यावरून भजी यायची आणि राग विरघळायचा.

“आता कुणी असं बोलत नाही गं,” ते बायकोला, विमलताईंना म्हणायचे. “मोबाइलवर सगळे नुसते अंगठे दाखवतात.”

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नात ईरा पुण्याहून आली. तिने भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि जिल्ह्यातल्या हौशी फोटोग्राफरांच्या एका ग्रुपवर आजोबांच्या नावाने टाकला. तासाभरात प्रतिक्रिया येऊ लागल्या. ‘अप्रतिम.’ ‘काय ते डोळे!’ एकाने लिहिलं, ‘कष्टकरी स्त्रीची वेदना अचूक टिपली आहे, सर.’ माधवराव चष्मा पुसून पुसून वाचत होते. सत्तरीत पुन्हा पेणच्या त्या खोलीत जाऊन बसल्यासारखं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईरा मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ आली. “आजोबा, ही एक प्रतिक्रिया बघा.”

ऋतुजा म्हात्रे नावाच्या मुलीने लिहिलं होतं: ‘ही माझी आजी, धोंडुबाई. फोटो चांगला आहे. पण आमच्या घरात हा फोटो नाही. आजीला तो कधी कुणी दाखवलाच नाही.’

माधवरावांनी ते तीनदा वाचलं. चाळीस वर्षं ती बाई त्यांच्या फोटोत होती. तिचं नाव त्यांना आज कळत होतं.

“तिला उत्तर काय देऊ?” ईराने विचारलं.

“पत्ता विचार,” ते म्हणाले.

त्या आठवड्यातच फोटोची एक मोठी प्रत करून घेऊन ते सकाळच्या गाडीने निघाले. निडी गेलं, नागोठणं गेलं. खिडकीतून ओळखीचे डोंगर मागे सरकत होते आणि माधवराव मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होते. पेणला उतरून त्यांनी मिनीडोर रिक्षा पकडली. मिठागरं कुठे दिसली नाहीत. होती तिथे कोळंबीचे तलाव आणि खारफुटी माजलेली. वाट मात्र तीच होती.

ऋतुजा फाट्यावर घ्यायला आली होती. पेणमध्येच गणपतीच्या एका कारखान्यात ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. घराच्या ओटीवर धोंडुबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “सायकलवाला मास्तर ना तुमी? केस कुठं गेले?”

माधवरावांना हसू आलं. जुळवलेली सगळी वाक्यं विसरायला झाली. त्यांनी गुंडाळलेला कागद सोडून फोटो त्यांच्या हातात दिला.

धोंडुबाईंनी तो आधी लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब.  माधवराव चष्मा काढून पुसू लागले. अलिबागच्या परीक्षकांसमोरही ते इतके अवघडले नव्हते.

“माजे पाय कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“पाय. मिठात उभी व्हती ना मी? पाय नाय, मीठ नाय. नुसती टोपली नि तोंड. ही बाय मीठ काढते का मासली विकते, कसं कलनार?”

ऋतुजा गालातल्या गालात हसली. माधवराव सावरून म्हणाले, “चेहऱ्यावरचे भाव यायला हवे होते, म्हणून तेवढाच भाग ठेवला. नाव दिलं होतं त्याला. ‘व्यथा’.”

“म्हंजे?”

“म्हणजे... दुःख.”

“कसलं दुक?” धोंडुबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. “त्या वर्साला मीठ लय पिकलेलं. पोरगा काळुराम नुकता चालाया लागलेला. मी कशाला दुकी असन? ऊन डोल्यात जात व्हतं. आनि तुमी मास्तर, आमच्या नव्या बांधावर बूट घालून उबे व्हता. वला बांध. तो खचत व्हता. ‘उतरा खाली’ म्हनून मी वरडत व्हते, तुमी आपले ‘तश्याच थांबा, तश्याच थांबा’!”

माधवरावांनाच हसू फुटलं. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं ज्या आठ्यांची लोकांनी वाखाणणी केली, त्या त्यांच्याच बुटांवर पडल्या होत्या.

“पानी पन प्यायला दिलं व्हतं तुमाला,” धोंडुबाई म्हणाल्या. “आनि मागं आमचे हे व्हते. ते कुठं गेले?”

“मागे?”

“मीठ वढायची फली घेऊन उबे व्हते. बगत व्हते तुमच्याकडं. यात नायत ते.”

माधवरावांचं हसू ओसरलं. त्यांना हरेशच्या स्टुडिओमागची खोली आठवली, दिव्याखाली ठेवलेली ओली प्रत आठवली. आणि हरेशचा आवाज: मागचा तो माणूस नजर खेचतोय रे, धूसरही आलाय, त्याला काप म्हणजे फोटो उठेल. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सल्ला चांगलाच होता. बक्षीस त्यामुळेच मिळालं होतं.

“आजोबांचा घरात एकपण फोटो नाय,” ऋतुजा हळूच म्हणाली. “नाथा म्हात्रे. मी झाले त्याच्या आदीच गेले.”

“मी त्यांना कापलं,” माधवराव म्हणाले. दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. “पण निगेटिव्ह असेल. मी शोधतो.”

रोह्याला परतल्यावर दोन दिवस घरात पसारा होता. विमलताईंनी माळ्यावरचे डबे काढून दिले, ओरडल्या, मग स्वतःच शेजारी बसून निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडात धरू लागल्या. शाळेची सहल, कुंडलिकेचा पूर, लग्नाआधी त्यांनी विमलताईंचा चोरून काढलेला फोटो. “हा कधी काढलात?” विमलताईंनी विचारलं. “नाक बघा कसं आलंय माझं!” आणि तो फोटो त्यांनी हळूच बाजूला ठेवून घेतला. तिसऱ्या डब्यात ती पट्टी सापडली. कडेला बुरशी होती, पण माणूस शाबूत होता. ईराने पनवेलला एकाकडून ती स्कॅन करून आणली. अख्खा फोटो छापला गेला.

पुढच्या खेपेला विमलताईही आल्या. धोंडुबाईंनी नवा फोटो हातात घेतला. आता त्यात पाय होते, पांढरे वाफे होते, पुढ्यात खचलेल्या बांधाची कड होती, आणि डावीकडे दूर, लांब दांड्याच्या फळीला टेकून एक उंच माणूस. चेहरा धूसर. नाकडोळे ओळखू येत नव्हते.

माधवराव घाईने म्हणाले, “स्पष्ट नाही आला. तेव्हा माझं लक्षच नव्हतं त्यांच्याकडे.”

धोंडुबाईंनी त्या आकृतीवर बोट ठेवलं.  “असाच उबा ऱ्हायचा,” त्या म्हणाल्या. “एक पाय वर करून. बगल्यासारका.” मग पदराने काच नसलेल्या कागदावरची नसलेली धूळ पुसली आणि आत हाक मारली, “काळुराम, ये रं! बापाला बग तुज्या!”

काळुराम आला, चाळिशी ओलांडलेला दांडगा माणूस. फोटोकडे बघत तो कितीतरी वेळ दारातच उभा राहिला. 

त्यानंतर मात्र ओटी भरत गेली. माधवरावांनी त्या काळातले आणखी तीसेक फोटो सोबत आणले होते. ते हातोहात फिरू लागले. हा कुणाचा बैल, ही कुणाची आत्या, ही होडी कधी बुडाली, यावर वाद रंगले. ऋतुजा प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहीत होती. फोटो बरे की वाईट, हेही प्रत्येकजण बिनधास्त सांगत होता. हा काळा पडलाय, यात देऊळ अर्धंच आलंय, पोराला नीट उभं करायचं ना. शेजारची शांती स्वतःच्या लग्नातला फोटो धरून तणतणत आली.

“मास्तर, यात माजं तोंड फुगल्यागत का आलंय?”

माधवरावांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, मग शांतीकडे पाहिलं.

“फुगलेलंच होतं,” ते म्हणाले. “जेवणाची पंगत उशिरा बसली होती त्या दिवशी. मी होतो ना तिथे.”

ओटीवर हशा पिकला आणि आतून कुणीतरी तांदळाच्या भाकऱ्या झाल्याचं सांगत पाटपाणी मांडायला लागलं.