बिटाचा पाला

पाला मी तोडला. तोडला म्हंजी तोडलाच, त्यात चोरी कसली? उसाचं वाढं, म्हंजी शेंड्याचा हिरवा पाला, म्हशीला घालायचं, हे आष्ट्यात शेंबडं पोर बी सांगंल. मला वाटलं, बिटाचं बी तसंच. खाली गड्डा कारखान्याचा, वर पाला म्हशीचा.

साखरेचं बीट हे, पांढरं आन् जाडजूड. आमच्या चोपणात, खारवट रानात, ऊस पिवळा पडतोय, म्हनून माझ्या लेकीनं, नीलिमानं, तिथं बीट लावलं. शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्साला हाय ती. गड्ड्यात साखर किती भरती ते मोजून प्रबंध लिवायचा हुता. साखर न्हाई भरली, तर प्रबंध न्हाई आन् वरीस वाया.

काढणीला तीन आठवडे हुते, तवा ती कॉलेजात गेली. मी रोज दोन भारे पाला तोडला. आठ दिसांत पुन्ना कवळी पानं फुटली. म्हनलं, पीक लय गुणाचं हाय गं बाई!

काढणीला नीलिमा आली ती बांधावरच थबकली. एक बीट उपटलं, चिरलं, रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर टाकून ते डोळ्याला लावलं. मग दुसरं. मग तिसरं.

"साखर एकोणीस टक्के यायला पाहिजे होती. बाराच आलीय," म्हनली आन् मटकन खाली बसली. "आई, पाला का तोडलास?"

"मग काय पूजा घालू त्याची? तोडू नको म्हनून कवा सांगितलंस? पाच म्हयनं वही घिऊन वाफ्यात फिरलीस. काय लिवतीस इचारलं की म्हनायचीस, 'तुला न्हाई कळायचं.' आन् आता माझ्यावर वरडतीस व्हय?"

ती वरडली नव्हती. वरडत हुते ती मीच. पोरीचं वरीस मी म्हशीला घातलं हुतं.

"सरांना सांग, शेळ्या शिरल्या," मी म्हनलं.

"खोटं नाही लिहायचं, आई."

मग पयल्यांदा ती मला सांगाय लागली. पानं उन्हात साखर तयार करत्यात, गड्डा ती आत कोठीत कोंडून ठेवतो. पाला गेला की गड्ड्याला वाटतं, आता जगायचं कसं? मग तो कोठी उघडतो आन् साठवलेली साखर नव्या पानांवर खर्च करतो.

"म्हंजी कोंब आलेला कांदा!" मी म्हनलं. "वर हिरवागार आन् आत पोकळ. आगं, चाळीस वर्सं कांदा साठवतीय मी. एवढं म्हनली असतीस, तर एका पानाला हात लावला नसता."

"चूक माझीच झाली," ती म्हनली आन् रडाय लागली. मी बी रडले.

सरांनी प्रबंध पुढच्या सालावर ढकलला. परवा तिचा फोन आला. "आई, या खेपेला काढणीआधी पाणी देणं कधी बंद करायचं? तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे लेकीनं जल्मात पयल्यांदा इचारलं. मी लगीच न्हाई सांगितलं. जरा दमानं सांगितलं.