रीळ संपलं की उलटायचं

कुटुंबाचं ऐक्य हा अमूल्य ठेवा असून तो चित्रित करून जतन केला पाहिजे, असं जावयाचं ठाम मत होतं. अडचण एवढीच, की सासूबाईंचे दोन्ही मुलगे एका टेबलाशी बसायला तयार नव्हते. शिडी कुणी मोडली, यावरून त्यांच्यात कित्येक वर्षांचा अबोला होता. शिडी केव्हाच भंगारात गेली होती.

"दोघांना एका टेबलाशी बसलेलं बघायचंय एकदा," सासूबाई म्हणाल्या. "फोटोत का होईना."

"फोटो कशाला, आई? सिनेमाच काढतो!" जावयाने जुन्या बाजारातून नुकताच चावीचा, आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणला होता.

"आधी त्या डब्याला चावी तरी देता येते का बघा," बायको म्हणाली.

दुकानदाराने समजावलं होतं: आधी फिल्मच्या एका काठावर चित्र उमटतं, रीळ संपलं की उलटून लावायचं, मग दुसऱ्या काठावर. जावयाने त्यातलं 'संपलं की उलटायचं' एवढंच काळजावर कोरून घेतलं.

रविवारी कॅमेरा जेवणाच्या टेबलासमोर स्टँडवर पक्का झाला. सकाळी थोरला आला, डावीकडे बसून चहा प्यायला, गेला. रीळ संपलं, जावयाने उलटलं. मग सासूबाई मधोमध बसून कॅमेऱ्याकडे संशयाने बघत राहिल्या. रीळ संपलं, उलटलं. दुपारी धाकटा उजवीकडे बसला आणि जावयाच्या विनोदांना मान डोलावत राहिला. दोघांचे तुकडे पुढे जोडून टाकू, असा बेत होता.

फिल्म धुऊन यायच्या आदल्या दिवशी जावयाने बोटांवर हिशेब केला आणि मटकन खाली बसला. "अगं, काठ दोनच! तिसऱ्यांदा पहिलाच काठ आला, मी धाकट्याला थोरल्याच्या अंगावर घेतलं!"

"लहानपणीही हेच चालायचं," बायको म्हणाली.

आता सासूबाईंना काय तोंड दाखवायचं? पण बोलावणी गेली होती. पडदे ओढले. थोरला दाराशी उभा राहिला, धाकटा खिडकीशी. जावयाने डोळे मिटून प्रोजेक्टर सुरू केला.

भिंतीवर तेच टेबल उमटलं. डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. दोघांच्याही छातीतून खुर्चीची पाठ दिसत होती. थोरल्याने कप उचलून काहीतरी म्हटलं. धाकट्याने मान डोलावली.



"किती वाळलेत रे दोघं!" सासूबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून हसायलाच लागल्या. "पण बसले एकदाचे! जावईबुवा, पुन्हा लावा."

जावयाचा जीव भांड्यात पडला. त्याने पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. बायकोनेसुद्धा न मागता चहा आणून दिला.

निघताना थोरल्याने जावयाला बाजूला घेऊन विचारलं, यातून धाकट्याला वगळून एक कॉपी मिळेल का. थोड्या वेळाने धाकट्यानेही थोरल्याबद्दल तेच विचारलं.

तशी कॉपी निघत नाही.